मामाचा डोळा

मी मूळचा अंबाडी गावाच्या आतल्या अंगाचा, कुनब्याचा पोर, भाताशिवाय दुसरं काय ठाव नव्हतं, आन भावांत जमीन वाटली तवा माझ्या वाट्याला आली भिवंडी. कापडाच्या लूमवर लागलो तो आजपावेतो कारखान्यातच हाय. ऱ्हायला कामतघरला, चाळीत. मला पोरगी न्हाय, बहीनबी न्हाय, पन चाळीतल्या पोरींचा मी मामा. म्हंजे कसं ताई, नवरीला पाटावर उभी करायला मामा लागतो, आन कुनाचा मामा लांब गावाला, कुनाचा वारलेला, कुनाशी बोलनं बंद. मग हाक मला, दामूमामा, टोपी घाला आन चला. माझी ऐपत ती काय, पन त्या एका घडीला मला लई मोठं वाटायचं.

तर मागल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शिफ्ट करून येतो, तर रस्त्यात एक रिक्षा, तिच्या बाजूला तीच रिक्षा, नंबरबी तोच. घरी आलो तर दारात दोन बायका उभ्या, दोन्ही माझ्याच. एकच जड जाते, दुसरी कुठं ठेवू. आता हसू येतं, तवा घाम फुटला व्हता. मग ध्यानात आलं, डावा डोळा मिटला का एकच दिसतं. म्हनलं चला, मिटू एक डोळा, कुनाला सांगायचं न्हाय. लूमवर नजरेची भाकर. नजर गेली असं कळलं का घरी बस म्हनतील.

पन डोळा काय कारखान्यातच मिटत न्हाय ना. नळावर गेलो, समोर कोन हाय ते वळखायला मिटायचा, आन नळावर कोन असनार, तर बाया. आमच्या भिंतीपलीकडची सुनंदा, तिच्या पूजाचं लगीन ठरलेलं, मामा मीच, असं तिनंच सांगितलेलं. ती आधी हसली, मग तोंड फिरवायला लागली, मग मी दिसलो का हंडा उचलून घरात. माझ्या डोक्यात काय आलंच न्हाय. एक दिवस आमची मंडळी भाकऱ्या थापता थापता म्हनते, सुनंदाचा चुलतभाऊ येनार हाय, तोच उभा ऱ्हाईल मामा म्हनून. आन माझ्याकडं न बघता म्हनते, या वयात शोभतं का तुम्हाला. म्हनलं काय गं. म्हनते, बायांना डोळा मारनं.

काय सांगू तुम्हाला, धरनीनं पोटात घ्यावं असं झालं. ज्या चाळीत मानसं पोरी माझ्या भरवशावर ठेवून ड्युटीला जायची, तिथं मी असा. आन तरी बोललो न्हाय. खरं सांगावं तर लूम जातो, गप बसावं तर नाव जातं. गप बसलो. नळावर जायचं सोडलं, मान खाली घालून चालायला लागलो, चोरासारखा.

मग एकदा लूमवर सुताची तार तुटली, मी घाईत डोळा न मिटताच हात घातला, तर ती तार तिथं नव्हतीच, खरी बाजूला व्हती. इकडून तिकडं धावनारा धोटा बोटं घासून गेला. मुकादम भय्या, भला मानूस, म्हनला मामा पहले आँख दिखाओ, काम कहीं भागा नहीं जाता. टेमघरच्या एका डॉक्टरकडं गेलो, ही संगती, पन बाहेर बाकड्यावर, तोंड फिरवून. डॉक्टरनं प्लास्टिकचा मेंदू आनला, उलटा केला, तर लूमच्या बीमातून, सुताच्या रुळातून, तारा निघाव्या तशा खालून नसा. म्हनला काका, या बारा जोड्या, कुठली वासाची, कुठली ऐकायची, कुठली चेहऱ्याची, आन ही सहावी, डोळा बाहेरच्या बाजूला ओढते. तुमच्या साखरेनं डाव्या बाजूच्या सहावीला रक्त कमी पडलं, म्हनून डोळा नाकाकडं सरकला, मेंदूला दोन चित्रं जातात. साखर सांभाळा, बहुतेक येईल जाग्यावर, थोडे महिने लागतील. मी येवढंच म्हनलं, सायेब, हे सगळं एकदा माझ्या बायकोला सांगाल का.

त्यानं सांगितलं. ती रिक्षात रडली, मला तरी सांगायचं व्हतं म्हनली. आन मग चाळभर अशी सांगत सुटली का मानसं म्हनायला लागली, मामाच्या मेंदूत बिघाड हाय. आधी चालू म्हातारा, मग डोक्यावर परिनाम झालेला म्हातारा. लाज दोन्हीकडं माझीच.

लग्नाच्या दिवशी मांडव चाळीच्या मैदानात, मी घरात बसलेला, टोपी खुंटीला. तर पूजा स्वता आली, मुंडावळ्या बांधलेली. मामा, टोपी घाला. म्हनलं तुझी आई. म्हनली आईच बाहेर उभी हाय, तिला आत यायला तोंड न्हाय. चुलतमामा म्हनतो, मी अक्षता टाकीन.

निघालो. दोन्ही डोळे टक्क उघडे, सगळा मांडव बायांनी भरलेला, मिटायची हिंमतच न्हाय. समोर दोन पाट, दोन अंतरपाट, कुठल्यावर उभी करू पोरीला. सतरंजीला पाय अडकला, तिनंच मला धरला. हळूच म्हनली, मामा, मिटा डोळा. म्हनलं न्हाय गं, बाया बघतात. म्हनली बघू दे.

मिटला. सगळ्यांसमोर. आन पाट एक झाला, त्याच्यावर तिला उभी केली.

आता डोळा सरळ हाय, साखर सांभाळतो. मुकादमानं घरी न्हाय बसवलं, कापडाच्या घड्या करायला ठेवलंय. सुनंदा चहाला बोलावते, मी खाली बघून जातो, खाली बघून पितो, अजून नजर वर होत न्हाय. पूजा सासरहून फोनवर तोंड दाखवते, तवा ती एकच दिसते, तरी सवयीनं डावा डोळा मिटतो, आन ही पाठीत धपाटा घालते, उघडा तो. मी उघडतो, कान गरम होतात. पोरगी तिकडून हसते. हसू दे, देव तिचं भलं करो.