ताई आधी हसते

बिघडलेला रिमोट घेऊन मास्तर दुकानात रांगेत उभे होते. परक्या मुलखात अचानक मराठी ऐकू आलं, तसे त्यांचे कान टवकारले. पुढे एक नवराबायको टीव्हीची यंत्रं निवडत होते.

"हा इंटरनेटवरचा डबा घेऊ. आपल्याकडची सगळी चॅनेलं दिसतात, बाल्कनीत डिशची छत्री लावायला नको."

"शेजारणीकडे आहे तो. चित्र उशिरा येतं त्यात."

"अर्धं मिनिट. तेवढ्यात मालिकेतली सासू सुधारणार आहे का?"

"ताई तिकडे भारतात फोन कानाला लावून बघते, मी इथे शेजारणीकडे. माझ्याकडे चित्र येईपर्यंत ती हसून मोकळी होते."

"तिला म्हणावं, जरा दम धरून हस."

"सांगितलं. परवा बिचारी तोंडावर पदर दाबून बसली, तरी खुसखुस ऐकू आलीच. लहानपणापासून आम्ही दोघी एकदम हसतो हो. आता मी आपली मागून हसते, पाहुण्यासारखी."

"आणि छत्रीने उशीर होत नाही?"

"दुकानदार म्हणाला ना, एखाद-दुसरा सेकंद. तेवढं चालेल. ती थोरली आहे."

"छत्रीला मोकळं आकाश लागतं. बाल्कनीत तसा एकच कोपरा आहे."

"हो ना."

"तिथे माझी खुर्ची आहे. सकाळचा चहा मी तिथेच पितो."

"माहीत आहे."

"मग खुर्ची ठेवू कुठे?"

"आत. माझ्या शेजारी."

नवरा जरा वेळ हातातला डबा उलटसुलट करत राहिला. मग त्याने तो फळीवर परत ठेवला.

"मालिका चालू असताना मी मध्ये बोललो तर चालेल?"

"ताईला विचारून सांगते."