गरुडाखालचं गलबत

लेक — बोटभरच चुना उचलला हो, बाबा. किल्ल्याच्या समुद्राकडच्या दरवाजावर, तुमच्या गरुडाच्या पंखापाशी. खाली आजोबांच्या गलबताचं शीड दिसलं. पुरातत्त्व खात्याचे साहेब म्हणाले, उद्यापासून गरुड उतरवायचा. मग गलबत, मग सिंह, थेट पहिल्या राजाच्या दगडी माशापर्यंत.

बाबा — म्हणजे बापाचं काम लेकच पाडणार. छान पांग फेडतेस!

लेक — पाडत नाही, अलगद उचलतेय. चारही राजवटींची चिन्हं शेजारी शेजारी ठेवणार आहेत. आपल्या घराण्याची रीत तुम्हीच शिकवलीत ना? राजा बदलला तरी खालचं चिन्ह खरवडायचं नाही. मातीचा पातळ हात द्यायचा आणि वर चुन्यात नवं चिन्ह.

बाबा — तुझे आजोबा वस्ताद! अंमलदार खालून ओरडायचा, ‘खरवड तो सिंह!’ आणि हे वर बसून घमेल्यावर हातोडा बडवायचे. अंमलदार खूश, सिंह सुखरूप.

लेक — मग ताटावरून का उठलात? गरुड जातोय म्हणून?

बाबा — गरुड गेला उडत! शिडावर... घाव दिसले असतील तुला.

लेक — दिसले. कुणाला बोलले नाही.

बाबा — तेवीस वर्षांचा होतो. तुझी आई नुकतीच घरात आलेली. नव्या राज्याचा अंमलदार शिडी चढून वरच आला गं. कसलं घमेलं नि कसलं काय! म्हणाला, मार. मारले. बापाच्या गलबतावर, बापाच्या देखत. शिडी तेच धरून उभे होते.

लेक — काय म्हणाले आजोबा?

बाबा — घरी आल्यावर माझ्या तळहाताच्या फोडांना तेल लावलं. चार शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो.

लेक — बुजवू का ते घाव? चुना भिजवलेलाच आहे. साहेबांना कळायचंही नाही.



बाबा — नको. अंमलदाराला फसवलं ते पोटासाठी, कामासाठी. हे माझं आहे. दिसू दे.

लेक — मग उद्या चला माझ्याबरोबर. खाली खुर्ची टाकते.

बाबा — गुडघे कुठे ऐकतात माझं?

लेक — माझं ऐकतील. हात धरते की.

बाबा — बरं. पण डाव्या कोपऱ्यातून सुरू कर, आणि हळू. अंमलदार खाली उतरला तसा माझा हात त्या कोपऱ्याआधीच थांबला होता. तिथलं गलबत अजून माझ्या बापाने केलं तसंच असेल.