व्हॅक्यूम क्लीनरच्या चिठ्ठ्या

सुनेत्रा: अहो, ती नळी पंख्याची नाही! काहीही काय लिहायलात चिठ्ठीवर?

अनंतराव: मग कशाची? लांब आहे, चपटी आहे. पंख्याच्या पात्याला बरोबर लागंल.

सुनेत्रा: कपाटामागच्या फटीची आहे. चाळीस वर्षं मशीन घरात, अन् तुमाला नळी ओळखू येईना.

अनंतराव: बरं, फटीची. सेवानिवृत्त संघाचे लोक चारला न्यायला येतील. उद्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात कुणी विचारलं तर चिठ्ठी नको का? ही बाटली तेलाची ना?

सुनेत्रा: फवाऱ्याची! तिच्यात रंग भरून, मशीनच्या हवेनं दोनदा कूलर रंगवला मी. तुमी सगळ्या कॉलनीला सांगितलं, तुमीच रंगवला म्हणून.

अनंतराव: एवढ्याशावरून किती ओरडायलीस!

सुनेत्रा: एवढंसं? मशीनवर ती मोठी चिठ्ठी चिकटवलीत, ती वाचा. मोठ्यानं वाचा.

अनंतराव: ‘श्री. अनंतराव दैठणकर यांच्या नित्य वापरातील व्हॅक्यूम क्लीनर.’ काय चुकलं? हैदराबादहून मीच आणलं होतं की.

सुनेत्रा: आणलंत. वापरलं कुणी? एक दिवस तरी बटण दाबलंत? माझं नाव घाला त्याच्यावर, नाहीतर मशीन या दाराबाहेर जाणार नाही. सांगून ठेवते.

अनंतराव: अगं, वस्तूवर सभासदाचंच नाव असतं. संघाचा नियम आहे.

सुनेत्रा: चुलीत घाला तुमचा नियम!

अनंतराव: हळू बोल, शेजारी ऐकायलेत. आणि हा सतरंजीचा ब्रश नेऊन उपयोग नाही. एका बाजूचे केस पार झिजलेत, दुसरी बाजू कोरी. मुळातच खराब आला असणार.

सुनेत्रा: खराब नव्हता आला. आपल्या सारंगच्या मुंजीच्या आधी माझं उजवं मनगट मोडलं होतं. सेलूहून तुमच्या बहिणी यायच्या होत्या, घर चकचकीत पाहिजे होतं तुमाला. गळ्यात प्लास्टरचा हात अडकवून सगळ्या सतरंज्या डाव्या हातानं साफ केल्या मी. पुढं मनगट नीट वळलंच नाही, मग कायमचं डाव्यानंच. जोर एकाच बाजूला पडायचा.

अनंतराव: ...मग तेव्हाच सांगायचं ना मला, हात दुखायलाय म्हणून.

सुनेत्रा: सांगितलं होतं. मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणालात. मग मशीन बंद करून परत सांगितलं.