ट्रॅक्टरचा बेंदूर

मी मूळची गुंजीची. खानापूरच्या पुढं रानात ठेसन हाय बगा, तिथली. आमचं आप्पा रेल्वेत सांधेवालं, म्हणजे रूळ बदलायचं काम, आन् त्याच्याच बरोबर दिव्यात तेल घालायचं, सांध्याला तेल सोडायचं, ढकलगाडीच्या चाकाला वंगण द्यायचं, सगळं त्यांच्याकडंच. आई म्हणायची जेवायच्या आधी हात तरी धुवा, भाताला घासलेटाचा वास लागतोय. आन् आप्पा काय करायचं, मला डोळं मिटायला लावायचं आन् बोटावर थेंब सोडायचं, सांग गं पोरी कसलं हाय. मी दोन बोटांत चोळून सांगायची, हे दिव्याचं, हे सांध्याचं, हे चाकाचं. चुकलं तर टपली, बरोबर आलं तर मूठभर चणं. सातवीपर्यंत शिकले, इंग्रजीचा अर्थ फारसा कळायचा न्हाई, पण अक्षरं यायची. आता तुम्ही म्हणशीला, ही बाई ट्रॅक्टरचं सांगायचं सोडून ठेसनावर कुटं बसली, तर सांगते, दम धरा.

लगीन होऊन बेळगावाजवळ कंग्राळीत आले. आमचं मालक तवा गोव्यात खाणीवर कामाला. गणपतीला यायचं आन् शिमग्याला यायचं, बस्स. वर्षाचा मिळून महिनाभर नवरा माझ्या वाट्याला, अशी सहा वर्षं काढली. काय सांगू तुम्हाला ताई, थोरली लेक बापाला बघून दाराआड लपायची, कोण आलंय म्हणून, आन् हे पिशवी हातात घेऊन तसंच हुबं. लई वंगाळ वाटायचं जिवाला. मंग एकदा मीच धीर केला, म्हणलं मामंजी, बैलं म्हातारी झाल्यात, एक बारका ट्रॅक्टर घेऊया, चालवायला तुमचा लेक हाय की. मामंजी म्हणजे माझं सासरं, तोंडानं फटकळ, पण ऐकून घेणारं माणूस. आठ दिवस गोठ्यात बैलांपाशीच बसून काढलं. नवव्या दिवशी म्हणलं, आणूया, पण एक लावणी बघणार. भाताची लावणी त्यानं निभावली तर लेक घरात राहील, न्हाई तर ट्रॅक्टर इकून परत बैलं आणायची आन् लेकानं गोव्याची वाट धरायची. खाणीवरच्या मुकादमानंबी तवर जागा धरून ठिवली हुती.

ट्रॅक्टर आला, बैलं गेली. मालक घरात राहायला लागलं. थोरली लेक बापाच्या मांडीवर बसून चाक फिरवायची. मला तर सण रोजचाच.

बेंदूर, म्हणजे आमचा बैलांचा सण, झाला आन् लावणीचा चिखल करायला ट्रॅक्टर वाफ्यात उतरला. पयला वाफा झाला, दुसरा झाला, तिसऱ्यात मागची लिफ्टच वर येईना. मागं लावलेलं अवजार तेलाच्या दाबावर उचलतंय बगा ते, तर ते जरा वर यायचं, गचके द्यायचं, आन् धपदिशी खाली. अवजार उचलंना तर बांध वलांडायचा कसा? निम्मी कंग्राळी बांधावर गोळा झाली. एक म्हणतोय, आरं शेपटी पिरगाळ की त्याची! दुसरा म्हणतोय, वैरण टाकली न्हाई काय रं सकाळी? मालकाचं तोंड एवढंसं झालं. बेळगावातनं मिस्त्री आणला, त्यानं वर खाली बघितलं, म्हणला पंप गेलाय, सगळं खोलाय पाहिजे, सामान लांबनं येणार, महिना तर कुटंच गेला न्हाई. महिनाभरात लावणी संपती की हो! ह्यांनी त्याच दिवशी माळ्यावरनं गोव्याची ट्रंक खाली काढली आन् पुसत बसलं.

ती ट्रंक बघितली आन् मी तडक सोप्यातनं भायेर, ट्रॅक्टरपाशी. लिफ्टचं तेल किती हाय बघायची कांडी असती, ती वडून काढली आन् दोन बोटांत चोळली. ताई, यंत्राचं तेल कसं असतंय, घसरतंय पण बोटाला धरून राहतंय. हे गिळगिळीत, फेसाळ. नाकाला लावलं तर वास कसला म्हणशीला? पापड तळल्याचा! मी वरडले, आवो हिकडं या, ह्यात शेंगतेल हाय. हे हसायला लागलं, म्हणतंय, डोहाळं लागलं काय गं परत? म्हणलं डोहाळं लागलं तुम्हाला, खालचा बोल्ट काढा आधी. काढला. घमेल्यात तेल आलं, आन् आतली जाळी काढली तर तिच्यावर पिवळा चिकटा, सगळी तुंबलेली, पंपाला तेल मिळंल कुटनं. हळद! चाटून बघायचीबी गरज न्हवती.

बेंदराला आमच्यात बैलांना शेंगतेल, हळद आन् अंडी पाजत्यात, बांबूच्या नळकांड्यानं, ताकद येती म्हणून. मी मालकाला तिथंच ठिवून गोठ्यात गेले. मामंजी रिकाम्या दावणीला पाठ टेकून बसलेलं. म्हणलं, मामंजी, बेंदराला ट्रॅक्टरला काय दिलंसा? वर बघितलंच न्हाईत. तसंच खाली बघत म्हणलं, चाळीस वर्षं बेंदराला माझ्या हातनं बैल तेल प्यालंय पोरी, औंदा गोठ्यात कोण न्हवतं, हातात भांडं घेऊन कुणाम्होरं हुबा राहू? हा कामाचा गडी, म्हणलं ह्यालाच दोन शेर पाजावं. मला हसूबी आलं आन् डोळ्यात पाणीबी आलं. इचारलं, अंडी? तर कसं चिडलं, मी काय येडा हाय व्हय, यंत्राला अंडी घालायला! म्हणलं बरं, मी कुणाला सांगत न्हाई. पण माणूस खरं, उठलं, लेकाम्होरं गेलं आन् म्हणलं, पंप गेला न्हाई रं, मीच पाजलं त्याला. ही सून हुती म्हणून कळलं.

आता दुसरं तेल पाहिजे. दुसऱ्याच दिवशी मी आन् मामंजी एस्टीनं बेळगावात, ट्रॅक्टरबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक माझ्या पिशवीत. दुकानदारानं पयला ब्रेकच्या तेलाचा डबा काढला, म्हणला लिफ्टलाबी दाब, ब्रेकलाबी दाब, हेच चालतंय. म्हणलं न्हाई, ह्या गाडीत गिअर आन् लिफ्ट एकाच तेलात भिजत्यात, दोघांना मानवंल असं पाहिजे. मंग इंजनाचं दाखवलं. मंग गिअरचं जाड काकवीसारखं, त्यानं पंपाचाच श्वास कोंडला असता. दुकानदार कानडीत म्हणला, यल्ला वंदे री अम्मा, सगळं एकच असतंय वो, तुम्हाला काय कळतंय त्यातलं? मी म्हणलं, कळंना मला, पण अक्षरं जुळवाय येत्यात. पुस्तक उघडून त्या पानावरची अक्षरं आन् आकडे डब्यावर हुडकत बसले. एका डब्यावर आकडा तोच, पर अक्षरं येगळी. म्हणलं, सार बाजूला. गिऱ्हाइकं खोळंबली, दुकानदार कपाळाला हात लावून बसला. शेवटी आतल्या खोलीतनं एक धुळीचा डबा आला, त्यावर अक्षर न् अक्षर जुळलं, आकडाबी जुळला. तरी त्यो म्हणतोय, हे घेऊन काय करतीसा, ते पयलंच न्ह्या. तवा आमचं मामंजी काउंटरवर हात आपटून म्हणलं, सून म्हणती तेच दे! माझ्या अकलेनं एकदा पाजून बघितलंय मी!

घरी येऊन थोडं तेल घालून आतलं सगळं धुवून काढलं, जाळी साफ केली, मंग मापानं भरलं. मालकानं गाडी चालू केली, लिफ्टची दांडी वडली. मी डोळं मिटून घेतलं बगा. जरा घरघरलं, आन् मामंजी वरडलं, उचललं रं उचललं! डोळं उघडलं तर अवजार सरळ वर, आन् वरच राहिलं. मामंजींनी म्होरं होऊन ट्रॅक्टरच्या नाकाडावर थाप मारली, बैलाला मारत्यात तशी. चार दिवसात आमचा चिखल उरकला, वर भावकीतल्या दोघांचाबी करून दिला. रोपांची शेवटची पेंडी लावली त्या दिवशी मामंजींनी स्वतः मुकादमाला कार्ड लिवायला लावलं, जागा दुसऱ्याला द्या, आमचा पोरगा येत न्हाई. ते कार्ड पेटीत टाकायला मीच पळत गेलते.

आता मामंजी न्हाईत. मालकाचं गुडघं गेल्यात, दिवसभर कट्ट्यावर बसून मला हाका मारतंय, चष्मा कुटं, काठी कुटं, च्या कुटं. सुना म्हणत्यात, आत्ती, तुम्हाला कटाळा कसा येत न्हाई वो? म्हणलं न्हाई गं बायांनो, सहा वर्षं ह्या घरात मला हाक मारायला हे माणूस न्हवतं. ऐकलंसा? मारलीच. आले वो आले! बसा ताई, जाऊ नगा, तुमच्याबी घरचं माणूस तुमच्या घरात राहू दे, एवढंच देवाकडं मागते. च्या टाकते, त्यांचं झालं की तुम्हाला आणते.