साडूंची कॉफी आणि माझी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे या वर्कशॉपचे मालक. त्यांच्या उजव्या हाताला बसलेल्या प्रमुख पाहुण्या बाई. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझे साडू. त्यांच्या शेजारी बसलेल्या माझ्या थोरल्या मेव्हणीबाई. समोर खुर्च्यांवर बसलेले आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले सगळे कारागीर बंधू-भगिनी. आणि पहिल्या रांगेत कडेला बसलेली माझी पत्नी, जी मला आत्तापासूनच बोटांनी ‘थोडक्यात’ अशी खूण करते आहे.

मागे ऐकू येतंय ना? नाही, मघाच्या वक्त्यांच्या वेळी माईक चांगला चालला होता, म्हणून विचारलं. माझी पाळी आली की वस्तू बिघडतात, असा अनुभव आहे.

मालकांनी मला सांगितलं, ‘घरचे म्हणून तुम्ही दोन शब्द बोला, आणि त्यांच्या यंत्राबद्दलही बोला.’ आता मी सातवीसुद्धा धड पुरी न केलेला माणूस. धंदा गाद्या आणि खुर्च्या भरण्याचा. व्यासपीठावरच्या मान्यवरांना बसायला मऊ लागत असेल, तर ते काम माझं आहे. पण खुर्चीत बसून लोक दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवतात, खुर्चीसाठी कोणी वाजवत नाही. असो. आज दिवस साडूंचा आहे.

साडूंनी इथे जन्मभर घरगुती एस्प्रेसोची यंत्रं दुरुस्त केली. मघापासून सगळे जे बोलले ते खरं आहे. हात सोन्याचा, जीभ साखरेची, आवाज कधी चढला नाही. मला हे नवीन नाही. मी हे रोज दुपारी जेवताना ऐकतो. ‘भाऊजींना बघा, कसे शांत असतात.’ ‘भाऊजींनी ताईच्या स्वयंपाकघरातला दिवा स्वतः बसवून दिला, तुम्ही आपले स्टूल डगमगतं म्हणून त्याला नावं ठेवत बसा.’ माणसाने जेवावं की ऐकावं?

आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. रोज सकाळी माझी बायको माझा चहा झाकून ठेवते, पायात चपला सरकवते आणि म्हणते, ‘ताईकडे कॉफी घेऊन येते.’ एका कपाला किती वेळ लागतो? मी त्या वेळात एक अख्खं स्टूल भरून शिवतो, तरी ही यायची असते. आली की चेहरा कसा, तर नुकताच धुवून पुसलेला आरसा. आणि मी समोर गार चहा घेऊन बसलेला. दुधाची तहान ताकावर भागते म्हणतात, माझी तर झाकणावरच्या वाफेवर भागते.

आता साडू निवृत्त होऊन लेकीच्या गावी राहायला निघाले आहेत, या रविवारी. मला वाटलं, चला, सुटलो! तर बायको म्हणाली, ‘मी पण जाते बरोबर. ताईचं नवं घर लावून देते.’ म्हटलं, ‘किती दिवस?’ म्हणाली, ‘बघू.’

मंडळी, आमच्या घरात ‘बघू’ हा फार लांबचा शब्द आहे. न्हाणीघराचं दार दुरुस्त करण्याबद्दल मी ‘बघू’ म्हणालो होतो, त्या दाराला अजून दोरी आहे. तेव्हापासून मला झोप नाही. तिची पिशवी पलंगाखाली भरून ठेवलेली आहे. मी ती पायाने ढकलून पाहिली. जड आहे.

मी विचार केला, हिला ओढतंय काय? बहीण म्हणावी, तर ती दुपारी आमच्याकडेही येते. म्हणजे कॉफी. एका गिऱ्हाइकाच्या घरी सोफा भरायला गेलो होतो, तिथे एक जुनं यंत्र माळ्यावर पडलेलं होतं. म्हणाले, ‘घेऊन जा, आम्हाला अडचणच आहे.’ घेऊन आलो. साडूंना विचारलं का? मुळीच नाही. त्यांना विचारायचं, म्हणजे संध्याकाळी बायकोला कळायचं, आणि वर ‘शेवटी भाऊजीच लागले’ हे ऐकायचं. त्यापेक्षा मी खुर्च्यांची मापं घेण्याच्या निमित्ताने इथे वर्कशॉपमध्ये येऊ लागलो. माप एका खुर्चीचं, डोळे साडूंच्या टेबलावर.

इथल्या मंडळींना माहीत आहे, पाहुण्या बाईंसाठी सांगतो. या टेबलावर यंत्राच्या भागांना नात्याची नावं आहेत, आणि ती साडूंनीच पाडली आहेत. मागची पाण्याची टाकी म्हणजे आई. भरलेली असते तेव्हा तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, रिकामी झाली की सगळं घर ओरडतं. तिचं पाणी ओढून पुढे ढकलतो तो पंप, तो सासरा. काम एवढंसं, पण ढर्रर्र आवाज तिसऱ्या घरापर्यंत. पाणी तापवणारा बॉयलर म्हणजे सासूबाई. तापायला वेळ घेतात, निवायला त्याहून जास्त. मग पुढे ते जाडजूड तोंड, ज्यातून गरम पाणी खाली येतं, त्याला ग्रुप हेड म्हणतात, ते सासरचं घर. त्या घरात दांडा धरून जो बसवायचा असतो, ज्याच्या वाटीत कॉफी भरतात, तो जावई. नीट हात धरून, उजवीकडे वळवून घट्ट बसवला नाही, तर ऐन दाबाच्या वेळी निसटतो आणि सगळ्यांचे कपडे खराब करतो. घर आणि जावई यांच्यामध्ये एक रबराची कडी असते, ती सून. दोन्हीकडून चेपली जाते, कोणाला दिसत नाही, आणि जरा झिजली की ‘गळतंय, गळतंय’ म्हणून सगळा दोष तिला. दुधात वाफ सोडणारी नळी म्हणजे आत्या. किंचाळते, पण तिच्याशिवाय फेस नाही.

हसा, हसा. मीसुद्धा हसलो होतो. मग एकदा मी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीचं माप घेत वाकलो होतो, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, ‘अरे, साडू काठोकाठ भरलाय! उचला आणि मोरीत ओता!’

मी टेप तिथेच टाकून घरी गेलो.

नंतर कळलं की सांडलेलं, गळलेलं, उरलेल्या दाबाचं पाणी ज्यात जमा होतं, त्या खालच्या ट्रेला इथे साडू म्हणतात. आता सांगा, पंपाला सासरा म्हटलं तर सासऱ्यांना राग येईल का? ते कधीच वर गेले. आत्याबाई लांब आहेत. साडू मात्र मी एकटाच, आणि चालताबोलता. मी घरी काय बोललो ते इथे सांगत नाही. बायकोने ताईला सांगितलं, ताईने त्यांना. दुसऱ्या दिवशी हे माझ्या दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, ‘अहो, तुम्ही माझे साडू, तसा मीही तुमचा साडू नाही का? तो ट्रे मी आहे. सगळ्यांचं सांडलेलं माझ्याकडे येतं.’

बघा! म्हणजे रागवायची सोयही राहिली नाही. ट्रे व्हायचं मोठेपणसुद्धा यांनीच घेतलं.

होय, होय, आटोपतो. ही पुन्हा खूण करते आहे.

तर घरचं यंत्र. टाकी भरली, सासरे ओरडले, सासूबाई तापल्या, जावई घट्ट बसवला, सून नवी आणून घातली. सगळं यांच्यासारखंच केलं. आणि कॉफी? भसाभसा. नळ सोडल्यासारखी, फिकट, आंबट. पहिल्या दिवशी बायकोने घोट घेतला, म्हणाली, ‘बरी आहे,’ आणि चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘कालच्यापेक्षा बरी आहे,’ आणि चपला घातल्या. काल तर आधी चपला घातल्या आणि उभ्यानेच घोट घेतला. मी यंत्राला शिव्या दिल्या. पण नाचता येईना अंगण वाकडं, हे मला कळतं. सातवी नापास असलो तरी एवढं कळतं.

म्हणून मंडळी, मी आज इथे भाषणाला हो म्हणालो. मला विचारायचं होतं, आणि एकट्याने यांच्या दारात जाऊन विचारणं माझ्याने होत नव्हतं. इथे निदान सगळ्यांना विचारल्यासारखं होईल. साडू, तुमच्या गळ्यात हार आहे तोवर विचारतो. माझी कॉफी अशी का येते?

काय? मोठ्याने बोला, मागे ऐकू जात नाही. ते विचारतायत, ‘वाटीत कॉफी भरता कशी?’

कशी म्हणजे? खुर्चीची बैठक भरतो तशी. कडा बोटांनी ठासून घट्ट, आणि मधे चांगला फुगवटा. आमच्या धंद्यात मधे फुगवटा ठेवलाच पाहिजे, माणूस बसला की...

अहो, हसायला काय झालं? मालकसुद्धा?

ते म्हणतायत, ‘अहो साडू, ती उशी आहे का? सपाट हवी, टेबलासारखी. फुगवटा ठेवलात तर पाणी कडेकडेने पळून जातं, मधल्या कॉफीला शिवतसुद्धा नाही. तुमच्या बैठकीवर माणूस बसून ती सपाट करतो. कॉफीवर कोण बसणार?’

खरं आहे. माझ्या हाताला सपाट काही करायची सवयच नाही.

मग मंडळी, सर्वांसमक्ष सांगतो. साडू, मेव्हणीबाई, रविवारी तुम्ही जा. हिलाही न्या, पिशवी भरलेलीच आहे, मी पलंगाखालून काढून देईन. बहिणीचं घर बहिणीने लावावं, ते मी अडवणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की उद्या सकाळी हिने दोन गल्ल्या ओलांडू नयेत. मी सपाट करून बघणार आहे. जमेल की नाही ठाऊक नाही.

काय म्हणालीस? माईकजवळ नाही, तिथूनच सांग.

ऐकलंत का? सभेत कधी तोंड न उघडणारी बाई म्हणाली, ‘साखर घालू नका म्हणजे झालं.’

म्हणजे बसून पिणार आहे!

अध्यक्ष महाराज, मला बोलू दिलंत, मंडळींनी ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. साडू, तुम्हाला तिकडे उदंड आयुष्य आणि मऊ खुर्च्या मिळोत. तिकडच्या खुर्च्या बसायला चांगल्या नसतील तर कळवा, मी येऊन भरून देईन, म्हणजे मलाही यायला निमित्त होईल. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर ते आपण पोटात घालावं. माझ्या पोटात ठेवायला आता जागा नाही.