गाळलेलं कडवं

शिवानी : पाचवं कडवं वाईट होतं, की तुम्हांला नको होतं? एवढंच सांगा, सर.

एकनाथराव : आधी बस. पाणी घे. बाळानगरहून दोन बस बदलून बरकतपुऱ्याला आलीस, ती भांडायला?

शिवानी : उद्या सकाळी गेटवर म्हणायचंय. कारखाना विकायच्या आधीची ही शेवटची सभा. युनियनवाले म्हणतात, पैसे घेऊन नोकरी सोडायच्या कागदावर सही करावी का म्हणून शंभरेक लोक डळमळीत आहेत, ते तुझ्या गाण्यावर थांबले पाहिजेत.

एकनाथराव : मग चार कडवी पुरे. ध्रुपद तर फार छान जमलंय. 'दस्तखत नक्को, भाई, दस्तखत नक्को.' तेलुगू माणसंसुद्धा उचलतील.

शिवानी : विषय बदलू नका. पाचव्याला तुम्ही लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'मात्रा अडखळते.' ऐका. 'सही ठोकली, हात झाडले.' आठ आणि आठ. 'भाऊ विकले, ताट वाढले.' आठ आणि आठ. बसमध्ये तीनदा बोटांवर मोजलं. कंडक्टर बघत होता. कुठं अडखळते?

एकनाथराव : म्हणताना अडखळते.

शिवानी : मोजून म्हणायला तुम्हीच शिकवलं. सातवीत असताना. दर रविवारी, याच सतरंजीवर.

एकनाथराव : तू एकटीच मोजायचीस. बाकीची माझ्या बोटांकडं बघून सांगायची.

शिवानी : सर, हसवू नका मला. वही दोन दिवस तुमच्याकडं होती. कारखान्याच्या पर्सोनेल ऑफिसातला दिलीप तुमचा विद्यार्थी आहे ना? दसऱ्याला सोनं द्यायला येतो.

एकनाथराव : येतो. मग?

शिवानी : शुक्रवारी त्यानं युनियनच्या हेमंतअण्णांना विचारलं, 'सही करणाऱ्यांवर काही गाणंबिणं आहे म्हणे?' त्याला कसं कळलं? वही तुम्ही आणि मीच पाहिली होती.

एकनाथराव : तालीम कुठं केलीस?

शिवानी : गच्चीवर. डफ घेऊन.

एकनाथराव : डफ घेऊन, कंपनीच्या क्वार्टर्सच्या गच्चीवर. चांगलं आहे. म्हणजे बातमी मी फोडली असणार.

शिवानी : टोमणा मारताय.

एकनाथराव : मारतोय. म्हातारा झालो म्हणून लागत नाही असं नाही.

शिवानी : बरं, दिलीपला नाही दाखवली. मग कुणाला? सांगा, सर.

एकनाथराव : हे बघ, माझी एक जुनी खोड आहे. पोराची वही चांगली निघाली की मी ती त्याच्या घरच्यांना दाखवतो. तुझी तर काय, पानापानावर थांबावं अशी.

शिवानी : घरच्यांना, म्हणजे... बाबांना? बाबा इथं आले होते?

एकनाथराव : बुधवारी. अफझलगंजला काम होतं, म्हणून सहज डोकावले. मी कौतुकानं वही हातात दिली. नामदेवराव चार कडवी वाचून हसले. म्हणाले, 'पोरगी माझ्यावर नाही गेली.' पाचवं त्यांनी दोनदा वाचलं.

शिवानी : आणि?

एकनाथराव : पाणी मागितलं.

शिवानी : मग?

एकनाथराव : मग विचारलं, 'गुरुजी, एवढं एक काढता येईल का? माझं नाव मात्र सांगू नका.' मी हो म्हणून बसलो.

शिवानी : का काढा म्हणाले?

एकनाथराव : ते मी विचारलं नाही.

शिवानी : सर, बाबांनी सही केली?

एकनाथराव : मी असं म्हणालो नाही.

शिवानी : 'नाही केली' असंही म्हणत नाही तुम्ही. पण कालसुद्धा गेटवर घोषणा देत होते ते. सगळ्यांच्या वरचा आवाज.

एकनाथराव : आवाज कधीकधी आपलाच आपल्याला ऐकू येऊ नये म्हणूनही चढवतात, बाळ.

शिवानी : तुम्ही मला खोटं सांगितलं. मी लिहायचंच सोडणार होते. म्हटलं, जे मोजून येतं तेसुद्धा चुकतं आपलं.

एकनाथराव : ते माझं चुकलं. चौतीस वर्षं शिकवलं, बरोबर उत्तराला कधी चूक म्हटलं नव्हतं. कडवं निर्दोष आहे. उद्या म्हणायचं असेल तर म्हण, मी आडवा येणार नाही.

शिवानी : म्हणणार. का नको म्हणू? दुसऱ्यांच्या बापांना म्हणायचं आणि माझ्या बापाला सोडायचं?

एकनाथराव : नको सोडूस. पण एक सांग, सही कुठं घेतात?

शिवानी : ऑफिसमागच्या खोलीत. एकेकाला बोलावतात, दार लावून.

एकनाथराव : आत काय होतं?

शिवानी : काय होणार? चहा पाजतात, गोड बोलतात, आकडा दाखवतात.

एकनाथराव : हे तुला कुणी सांगितलं?

शिवानी : हेमंतअण्णांनी.

एकनाथराव : ते आत गेले होते?

शिवानी : ते कशाला जातील.

एकनाथराव : म्हणजे त्या खोलीवर तू कडवं लिहिलंस, आणि आत जाऊन आलेल्या एकालाही विचारलं नाहीस.

शिवानी : आत गेलेला कबूल कुठं होतो, सर? कुणीच सांगत नाही.

एकनाथराव : सांगेल कसा? 'भाऊ विकले' हे तू आधीच लिहून ठेवलंयस.

(बाहेर स्कूटर थांबते.)

नामदेवराव : काय गुरुजी, जमलं का पोरीचं? चल गं, तुझी आई वाट बघायली.

शिवानी : नाही जमलं. एक कडवं राहिलंय.

नामदेवराव : मग गुरुजींना विचार. मला काय कळतंय त्यातलं.

शिवानी : हे तुम्हांलाच विचारायचंय. ऑफिसमागच्या खोलीत किती जण होते, बाबा?

नामदेवराव : गुरुजी...

एकनाथराव : तुमचं नाव माझ्या तोंडून निघायला नको होतं, नामदेवराव. निघालं. बाकीचं तिनं ओळखलं.

नामदेवराव : उद्या म्हननार का तू ते? माझ्यासमोर?

शिवानी : माहीत नाही. आधी तुम्ही सांगा. मी लिहून घेते. तुमचं नाव नाही टाकणार.

नामदेवराव : काय सांगू? चौघं होते. चार खुर्च्या. बावीस वर्षं झाली मला कारखान्यात, पर 'बसा' म्हनून कुणी म्हनलं न्हाई.