श्री. वरीलप्रमाणे यांचं स्वयंपाकघर

...नाही नाही, हसा तुम्ही, माझं काही म्हणणं नाही, पण तुम्हाला सांगतो, ज्या माणसाच्या स्वयंपाकघरात माझी बायको बावीस वर्षं स्वयंपाक करतेय तो माणूस मी अजून पाहिलेला नाही! कोणीच पाहिलेला नाही. पण घर त्याचं आहे. सरकारी वेबसाइटवर आहे म्हणजे आहे, तिथे तुमचं-माझं काय चालणार?

झालं काय, वडील गेले गेल्या वर्षी. घर आईच्या नावावर व्हायचं, बाकी काही नाही. आई ब्याऐंशी वर्षांची. तिच्या स्वतःच्या नावावर आजपर्यंत चष्म्याचा नंबर सोडला तर काही नव्हतं. आणि अशात आली नोटीस, की महिनाअखेरीपर्यंत ऑनलाइन नोंद केली नाहीत तर तुमचं घर 'मालक अज्ञात' यादीत टाकण्यात येईल. आईने ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, "मी इथे खुर्चीत बसलेय ना रे? मग अज्ञात कशी?" आता काय सांगणार? आणि खाली ठळक अक्षरात, 'कार्यालयात येण्याची गरज नाही, उतारा मिळवा घरबसल्या!' मी म्हटलं, वा, बसण्यात तर आपला हात कोणी धरत नाही.

बसलो. आधी ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखायची. तो शून्य आहे की ओ आहे हे ज्याने काढलं त्याला तरी कळत असेल का हो? मग 'मी यंत्रमानव नाही' या चौकटीत खूण करायची. केली. चूक! परत केली. परत चूक! तिसऱ्यांदा माझी मलाच शंका यायला लागली. मग ते गोल फिरतंय... फिरतंय... आणि पाटी येते, 'सर्व्हरवर ताण आहे.' अहो, ताण माझ्यावर आहे! त्यातून पुढे सरकलो तर म्हणे, 'आपण बराच वेळ निष्क्रिय असल्याने आपल्याला बाहेर काढण्यात येत आहे.' हे वाक्य माझे सासरे लग्नापासून म्हणतायत, पण त्यांनी बाहेर कधी काढलं नाही.

पाचव्या दिवशी पान उघडलं. सगळे गोळा झालो. पुढच्या दोन खोल्या, मालक, वडिलांचं नाव, शाबूत. मागच्या दोन खोल्या, म्हणजे स्वयंपाकघर आणि आईची खोली... मालकाचे नाव, श्री. वरीलप्रमाणे.

आता बघा. वडिलांनी पुढच्या खोल्या आधी घेतल्या, मागच्या नंतर. जुन्या वहीत त्या काळच्या कारकुनाने पहिल्या ओळीत वडिलांचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या ओळीत लिहिलं 'वरीलप्रमाणे'. कुणीही हेच लिहील! पण पुढे वहीची झाली वेबसाइट, प्रत्येक ओळीचं झालं वेगळं पान, आणि टायपिंग करणाऱ्याने इमानेइतबारे जसं होतं तसं टाइप केलं. वर नावच नाही, आणि हे आपले वरीलप्रमाणे! बायको म्हणाली, "असू दे कोणी का असेना, पण मोरी तुंबलीय, ती मालकाने दुरुस्त करायची असते. कळवा त्यांना."

दुरुस्तीचा अर्ज भरायला घेतला, तर ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जाणार. मालकाचं मधलं नाव, त्यावर तांबडी चांदणी, भरल्याशिवाय पुढे नाही. मी टिंब टाकलं. 'कृपया योग्य वडील भरा.' योग्य वडील! हेल्पलाइनला फोन लावला तर ती गोड आवाजाची बाई, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे..." आणि चाळीस मिनिटं बासरी. शेवटी म्हणाली, "अधिक माहितीसाठी वेबसाइट पाहा." घरबसल्या!

उठलो आणि गेलो कार्यालयात. खिडकीत एक बाई. माणूस म्हणून चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण त्या नाकावरचा चष्मा सुद्धा न हलवता म्हणाल्या, "दुरुस्ती मालकाच्या अर्जावरच होते. मालकांना घेऊन या."

मी म्हटलं, "बाई, असे कोणी मालक नाहीतच."

"मयत आहेत का? मग मृत्यूचा दाखला जोडा."

"अहो, मरायला आधी जन्माला यावं लागतं!"

"मग जन्माचा जोडा."

मी तिथल्या बाकावर बसलो. महिना संपायला चार दिवस होते आणि आईची खोली अज्ञात व्हायला निघाली होती. खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ते बाईंनी पाहिलं असावं. खिडकीतून वाकून हळूच म्हणाल्या, "एक मार्ग आहे. उर्फ करा."

उर्फ! प्रतिज्ञापत्र करायचं, की माझे वडील अमुक अमुक उर्फ वरीलप्रमाणे. आणि दोन साक्षीदार हवेत, की वडिलांना सगळे प्रेमाने वरीलप्रमाणे म्हणत असत. मी वडिलांच्या न्हाव्याकडे गेलो. तो म्हणाला, "तीस वर्षं केस कापले, काका सोडून दुसरं काही म्हटलं नाही. पण तुमची अडचण आहे ना, मग म्हणत होतो." घड्याळजीने तर लगेच सही केली, वर मला विचारलं, "त्यांना राग नाही ना यायचा?"

आता राहिली आईची जबानी. ती म्हणे व्हिडिओ कॉलवर, परत घरबसल्या! आणि माझी आई अशी, की फोनवर कोणी नकोसं असलं तरी 'घरी नाही' एवढं सुद्धा खोटं बोलायची नाही. दुपारी अकरा वेळा कट होऊन बाराव्यांदा त्या बाई पडद्यावर आल्या. "आजी, तुमच्या यजमानांना वरीलप्रमाणे म्हणत असत, हे खरं?" आईने माझ्याकडे पाहिलं. गोल परत फिरायला लागलं... मला कळेना, नेट अडकलंय की आई!

मग आई सावकाश म्हणाली, "ते आता वरच आहेत. आणि साठ वर्षं मी त्यांच्याप्रमाणेच वागत आले. लिहा तुम्ही."

झालं! महिना संपायच्या आदल्या दिवशी उतारा आला. मालक, आईचं नाव, पूर्ण, चारही खोल्यांवर. आईने त्यावरून बोट फिरवलं, तीनदा वाचलं, आणि मग पदराने चष्मा पुसून मला म्हणाली, "तुझं काय लिहिलंय ते बघ."

पाहिलं. पुढील वारसाचे नाव, 'खालीलप्रमाणे'. आणि खाली... खाली पान संपतं.

तर तुम्हाला सांगतो, इथे तुम्ही इतके चांगले लोक बसला आहात, त्यातले दोघंच हवेत मला. फक्त एवढंच सांगायचं, की तुम्ही मला प्रेमाने खालीलप्रमाणे म्हणता. येताना ओळखपत्र आणा... आणि त्यावरचं नाव एकदा नीट वाचून घ्या.